आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आमचे घर गंगापूर रोडला, सोमेश्वरच्या वाटेवर. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण वर्गात आली की एखादे तरी पोर हटकून विचारायचे, "सर, सोमेश्वर म्हणजे आपले धबधब्याचे का?" मी म्हणायचो, "नाही रे, पण तसे समजलास तरी अर्थ बिघडत नाही." बत्तीस वर्षे ही म्हण शिकवली, गेल्या पावसाळ्यात ती स्वतः भोगली. आग होती रस्त्यावरच्या खांबापाशी आणि कंपनी बंब घेऊन आली माझ्या दिवाणखान्यात. तेही माझ्या पैशाने!

तर मंडळी, हकीकत थोडक्यात अशी. सात आठवडे घरचे इंटरनेट संध्याकाळी जात होते. मी अकरा वेळा तक्रार नोंदवली. "मोडेम खराब आहे, बदला" असे सांगण्यात आले. बदलला, २,२०० रुपये मोजले. नेट जातच राहिले. शेवटी दोष सापडला तेव्हा कळले की मोडेमचा काही संबंधच नव्हता. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण नाव बदलले तरी गोष्ट तीच राहते, हे तुमच्यापैकी अनेकजण आपापल्या अनुभवावरून सांगतील. आणि मला रडगाणेही गायचे नाही. माझे म्हणणे एकच आहे आणि ते जरा चढ्या आवाजात सांगणार आहे : दोष कुठे आहे हे मापून दाखवल्याशिवाय ग्राहकाला नवी वस्तू घ्यायला लावणे ही सेवा नव्हे, ती विक्री आहे.

तुम्ही म्हणाल, सत्तरी उलटलेल्या माणसाचे इंटरनेट तासभर गेले तर असे काय आभाळ कोसळते? सांगतो. दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सहा मी सुरगाणा तालुक्यातल्या एका शाळेतल्या दहावीच्या मुलांना व्याकरण आणि निबंध शिकवतो. तिथले शिक्षक आपला मोबाइल लावून मुलांना पडद्यासमोर बसवतात. सुरगाण्याकडे रेंजची काय अवस्था असते हे ठाऊक असल्याने मी सुरुवातीलाच म्हणालो होतो, "तुमच्याकडून संपर्क तुटला तर काळजी करू नका, मी थांबेन." प्रत्यक्षात झाले उलटेच. डोंगरातली मुले वेळेवर हजर आणि नाशिक शहरातला मास्तर गैरहजर! प्रयोग शिकवता शिकवता मी पडद्यावर तोंड उघडे टाकून थिजलेला, आणि मुले आपली वाट बघत बसलेली. बत्तीस वर्षांत माझा तास असा बुडाला नव्हता. एका शुक्रवारी तिथल्या शिक्षकांनी फोन करून फार अदबीने विचारले, "सर, झेपत नसेल तर थोडे दिवस थांबायचे का?" ते 'झेपत नसेल तर' मला फार लागले.

आता तक्रारींचे ऐका. पहिल्यांदा फोनवरच सांगितले, "मोडेम बंद करून चालू करा." केला. तासाभरात नेट आले. ते माझ्या बंद-चालूने आले की आपले आपण आले, हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही. लगेच मोबाइलवर निरोप : 'आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.' आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाला असले वाक्य बोचते. निवारण करण्यात आले आहे, पण कोणी केले? काय केले? वाक्यात कर्ताच नाही! चूक व्याकरणाची नाही, वाक्य शुद्धच आहे. पण ज्याला जबाबदारी घ्यायची नसते तो नेमके हेच शुद्ध वाक्य वापरतो. शाळा खात्याच्या परिपत्रकांतून ही तऱ्हा मी पुष्कळ पाहिली आहे.

पुढे एक मुलगा घरी आला. त्याने दिवे पाहिले, पुन्हा बंद-चालू केले आणि गेला. नंतर दुसरा आला. तो म्हणाला, "काका, सिंहस्थाची कामे चालू आहेत, रस्ते खणलेत, त्यामुळे होते." नाशिककरासमोर सिंहस्थाचे नाव घेतले की त्याने गप्प बसावे अशी रीतच आहे. खोदकामात केबल तुटतात हे खरेच आहे. देशभर अशा तोडफोडीने वर्षाला सुमारे ३,००० कोटी रुपयांचे नुकसान होते असे सरकारच सांगते, आणि ती थांबावी म्हणून २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' नावाचे ॲपही काढले. पण मी त्या मुलाला विचारले, "अरे बाळा, केबल तुटली असती तर सगळ्या गल्लीचे नेट गेले असते, आणि जोडेपर्यंत गेलेलेच राहिले असते. माझ्या एकट्याचे जाते आणि परत येते, ते कसे?" तो हसला. निरोप आला : निवारण करण्यात आले आहे.

तिसरा आला तो सरळ म्हणाला, "मोडेम जुना झालाय. नवीन घ्या." मी विचारले, "कशावरून?" तो म्हणाला, "चार वर्षे झाली ना!" एवढेच निदान! सत्तरी ओलांडली म्हणून माझेही गुडघे न तपासता बदलायचे का?

पण तास बुडत होते, म्हणून मी पैसे भरले. नवा मोडेम आला आणि तिसऱ्या दिवशी पाच वाजून दहा मिनिटांनी तोच तांबडा दिवा लागला.

तेव्हा मी वही काढली. मी मराठीचा बी.ए., विज्ञानाशी माझा संबंध अकरावी मॅट्रिकपुरता. पण पुण्याच्या नातवाने फोनवरून एक गोष्ट नीट सांगितली, "आजोबा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होते ते लिहून ठेवायचे." अशी रीत सांगणारा एकही माणूस कंपनीकडून आला नव्हता. ज्यांच्या घरी हेच दुखणे आहे त्यांच्यासाठी ती इथे लिहून ठेवतो.

पहिला प्रश्न : गेले आहे ते वाय-फाय की इंटरनेट? आपण दोन्हींना 'नेट' म्हणतो, पण ती निराळी आहेत. मोडेमला लॅपटॉप थेट वायरने जोडून बघायचा. वायरवर नीट चालते आणि मोबाइलवर अडखळते, तर दोष घरातलाच : जाड भिंती, अंतर, शेजाऱ्यांचे राउटर, कधी चालू असलेला मायक्रोवेव्हसुद्धा. माझे वायरवरही जात होते. म्हणजे वाय-फाय निर्दोष.

दुसरा प्रश्न : दिवे काय सांगतात? फायबरच्या मोडेमवर 'पॉन' आणि 'लॉस' अशी नावे असलेले दोन दिवे असतात. 'लॉस' म्हणजे व्यापारातला तोटा अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. ती 'लॉस ऑफ सिग्नल' या शब्दांची आद्याक्षरे आहेत. काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ. 'पॉन' हिरवा स्थिर असेल तर यंत्राची कंपनीशी ओळख पटलेली आहे. माझ्याकडे नेट जाताना दर वेळी 'लॉस'च तांबडा होत होता.

तिसरा प्रश्न : वीज. मोडेमचा अडॅप्टर थकला की मोडेम मधेच बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि लोक मोडेमला दोष देतात. पण तेव्हा सगळेच दिवे जातात. माझ्याकडे बाकीचे दिवे जागेवर होते.

म्हणजे आता संशय दोघांवरच उरला : बाहेरून येणारी वायर, किंवा मोडेममधला प्रकाश ओळखणारा भाग. आणि मोडेम तर मी नुकताच बदलला होता!

चौथी गोष्ट मात्र माझ्या वहीत नव्हती, ती आमच्या सौ.ने पाहिली. एके दिवशी गॅलरीत कपडे काढता काढता ती म्हणाली, "कपडे उडायला लागले की तुमचे नेट जाते, बघितलेत का?" मी वही उघडली. वाऱ्याचे दिवस आणि तांबडे दिवे, जोडी जुळत होती. वारा पडलेला असेल त्या दिवशी तास सुरळीत पार पडला होता. मी कस्टमर केअरला हे सांगितले, तर तिकडची मुलगी म्हणाली, "सर, फायबर में हवा से कुछ नहीं होता." मराठीसाठीचा आकडा दाबूनही उत्तर हिंदीत आले, ते तर सोडाच.

अकराव्या तक्रारीनंतर जो मुलगा आला त्याच्या पिशवीत प्रकाश मोजायचा मीटर होता. सात आठवड्यांत पहिल्यांदा! त्याने खांबावरच्या पेटीत मोजले : उणे १९. घरातल्या टोकाशी मोजले : उणे २६. मग मी विनंती केली, "ती बाहेरची वायर जरा हलवून बघ." हलवली, तर उणे ३१. हे आकडे डीबीएम या एककात असतात. दर तीन आकड्यांना प्रकाश निम्मा होतो, दहा आकड्यांना एकदशांश. घरातले यंत्र साधारण उणे २७ पर्यंत पाहू शकते, त्याखाली ते आंधळे होते. म्हणजे वारा नसताना आमचे यंत्र जेमतेम काठावर जगत होते आणि वारा सुटला की बुडत होते. खांबापासून घरापर्यंतची वायर गुलमोहराच्या फांदीवरून ओढलेली, आणि मधे एक जोड, काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला. त्या मुलाने अर्ध्या तासात बिनजोडाची अखंड वायर ओढून दिली. घरात उणे २० आले. त्या दिवसापासून आजपर्यंत 'लॉस' लागलेला नाही.

मोडेमचे पैसे परत मागितले. उत्तर : 'उपकरण वापरात आल्याने परतावा देता येणार नाही.' पुन्हा कर्ता गायब!

आता कुणी म्हणेल, "मास्तर, एवढ्या तपासण्या करत बसले तर कंपनीला परवडायचे कसे? वस्तू बदलून बघणे सोपे पडते." सोपे कुणाला? बदलायचा खर्च तुमचा असता तर तुम्ही आधी मोजले असते. खर्च माझा म्हणून बदलणे सोपे. तो मीटर काही प्रयोगशाळेतले यंत्र नाही, साधा मीटर मला विकलेल्या मोडेमच्या किमतीत येतो. कंपनीने एक मीटर घेतला तर शेकडो घरांचे निदान होते, मी एक मोडेम घेतला तर एकाही घराचे होत नाही. तांब्याच्या तारेच्या काळात लाइनमन कमरेला टेस्ट फोन लटकवून यायचा. तो आधी खांबावर चढून तिथे आवाज येतो का बघायचा, मग घरात यायचा. तो काळ सुखाचा होता असे मी म्हणणार नाही, फोन मिळायलाच लोकांची वर्षे जात. पण आधी खांब, मग घर, हा क्रम बरोबर होता. तार तांब्याची जाऊन काचेची झाली म्हणून क्रम का उलटावा?

घरी येणाऱ्या मुलांवर माझा राग नाही. एकाने पाणी पिता पिता सांगितले की दिवसाला किती तक्रारी 'बंद' केल्या हे वर बघतात, किती दुरुस्त झाल्या हे नाही. पेपर तपासले किती एवढेच मोजायचे आणि मुलाला कळले किती हे मोजायचेच नाही, अशी शाळा चालली तर मास्तर काय शिकवतील?

"पण केवढे स्वस्त झाले आहे इंटरनेट!" असेही ऐकवतात. झाले आहे, मान्य. २००४ च्या धोरणात सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणायचे. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली, आणि घरोघरी त्याच्या कितीतरी पट वेग येतो. पण वेग हा एक गुण आणि भरवसा हा दुसरा. दोनशेच्या वेगाने पळणारी आणि रोज पाचला बंद पडणारी गाडी स्वस्तात दिली, म्हणून तिचे गोडवे कोण गाईल?

आता मोडेम खरोखरच बदलायची वेळ आली तर काय बघावे? मी पैसे घालवून शिकलो, तुम्ही फुकट शिका. फायबरवर दोन कामे असतात. प्रकाशाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारे यंत्र, त्याला ओ.एन.टी. म्हणतात, आणि घरभर वाय-फाय वाटणारा राउटर. पुष्कळदा दोन्ही एकाच डब्यात असतात आणि आपण त्याला सरसकट मोडेम म्हणतो. राउटर तुम्ही बाजारातून कुठलाही घेऊ शकता. तो २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा असावा. पहिला पट्टा लांब जातो पण त्यात गर्दी फार, दुसरा वेगवान पण भिंतीपुढे हरतो. वायर जोडायची छिद्रे 'गिगाबिट' आहेत का ते खोक्यावर वाचा. स्वस्त राउटरमध्ये ती १०० मेगाबिटची असतात, मग २०० चा प्लॅन घेऊन उपयोग शून्य. आणि सर्वांत आधी, नवा घेण्यापूर्वी जुना राउटर कपाटामागून काढून घराच्या मध्यावर उंच जागी ठेवून बघा. याला पैसे लागत नाहीत, म्हणूनच बहुधा हे कुणी सांगत नाही.

ओ.एन.टी.चे मात्र तसे नाही. त्याचा अनुक्रमांक कंपनीच्या यंत्रणेत नोंदवावा लागतो, आणि तिची पद्धत जीपॉन आहे की ईपॉन, त्यावर तुमचे यंत्र चालणार की नाही हे ठरते. न विचारता आणलेत तर कागद उडू नयेत म्हणून ठेवायला उपयोगी. म्हणजे बदलायला कंपनी सांगणार, विकणार कंपनी, आणि दुसरीकडून घेतले तर नोंदवायचे की नाही तेही कंपनीच ठरवणार. परीक्षक, विक्रेता आणि दरवान एकच! जर्मनीत १ ऑगस्ट २०१६ पासून कायद्याने ग्राहकाला आपल्या पसंतीचे यंत्र जोडायचा हक्क आहे. अमेरिकेत १९६८ सालीच कार्टरफोनच्या निकालाने ठरले की जाळ्याला अपाय होत नसेल तर ग्राहकाने आपले उपकरण जोडण्यास टेलिफोन कंपनीने आडकाठी करू नये. आपल्या ग्राहकानेही तेवढेच ठणकावून मागायला हवे.

आता नियमांकडे वळू. ट्रायच्या २००६ च्या नियमांत ब्रॉडबँडचा दोष तीन कामाच्या दिवसांहून अधिक रेंगाळला तर सात दिवसांच्या, सात दिवसांहून अधिक झाला तर पंधरा दिवसांच्या आणि पंधरा दिवसांहून अधिक झाला तर महिन्याच्या भाड्याची सूट ग्राहकाला देण्याची तरतूद होती. २०२४ मध्ये त्यांची जागा नव्या नियमावलीने घेतली, आणि दोष किती वेळात दुरुस्त होतो हा निकष तिच्यातही आहे. पण मेख बघा. दिवस मोजायचे ते तक्रार 'प्रलंबित' असेपर्यंत, आणि तक्रार बंद करायची लेखणी कंपनीच्या हातात! माझा दोष सात आठवडे चालला. कागदावर मात्र अकरा छोट्या तक्रारी, आणि प्रत्येक चोवीस तासांत 'निवारण करण्यात आलेली'. तीन दिवस कधी भरलेच नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या तीन. एक : ग्राहकाने 'होय, दुरुस्त झाले' म्हटल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये, आणि तोच दोष आठवड्यात परत आला तर ती जुनीच तक्रार धरावी. दोन : प्रत्येक भेटीत खांबावरचे आणि घरातले माप तक्रारीवर लिहावे आणि ते ग्राहकाला मराठीत कळवावे. तीन : माप न दाखवता विकलेले यंत्र निरुपयोगी ठरले तर पैसे परत.

हे होईपर्यंत आपल्या हातात जे आहे ते करावे. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते, ही दोन पायऱ्यांची सोय २०१२ पासून आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध तिथे जाता येते की नाही याबद्दल घोळ होता, तो सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मिटवला : जाता येते. मी अपील केले आहे, सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, "२,२०० रुपयांसाठी कशाला एवढा त्रास?" पण रुपये निमित्तमात्र. माझे जे तास बुडाले ते कुठल्या बिलात वळते होणार आहेत?

सध्या मंगळवार-शुक्रवारचे वर्ग नीट चालू आहेत. परवा कर्मणी प्रयोगाला उदाहरण म्हणून तो निरोपच मुलांना दिला.

आणि एक सवय जडली आहे. कंपनीचा कुणी दारात आला की मी आधी विचारतो, "बाळा, मीटर आणलास का?" आणला असेल तर आत ये, चहा टाकतो. नसेल तर आधी तो घेऊन ये, चहा तेव्हाही मिळेल.